फ्लश केल्यावर पुढे काय? वाई, सांगली आणि डकारचा एकच प्रश्न

फ्लशचं बटण दाबलं की आपल्यापुरता विषय संपतो. मैला मात्र तिथं संपत नाही. तो पुढे जातो कुठं, हा प्रश्न आफ्रिकेतल्या झपाट्याने वाढणाऱ्या शहरांचा आहे असं आपल्याला वाटतं. पण तो कृष्णाकाठचाही आहे. त्यासाठी एकाच नदीवरची दोन गावं पाहू. वरच्या अंगाला सातारा जिल्ह्यातलं वाई आणि खाली सांगली.

सेप्टिक टाकी नेमकं काय करते?

टाकीत जड मैला तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधलं पाणी बाहेर पडतं. तळाचे जिवाणू हवेशिवाय थोडा मैला कुजवतात, पण सगळा नाही. त्यामुळे गाळ साचत जातो आणि तो दर २-३ वर्षांनी उपसावा लागतो. आपल्याकडे टाकीची आठवण होते ती संडास तुंबल्यावरच! तोवर टाकीत जागाच उरलेली नसते आणि मैला पाण्याबरोबर गटारात, तिथून ओढ्यात, ओढ्यातून नदीत जातो. म्हणजे घरोघरी संडास झाले, तरी मैला नदीतच.

दुसरी अडचण गाडीची. उपसलेला गाळ ती कुठं रिकामा करते? जवळपास प्रक्रिया केंद्र नसेल तर माळावर, नाहीतर एखाद्या ओढ्यात.

वाईनं काय केलं?

वाईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ३६ हजार होती. इथली बहुतेक घरं सेप्टिक टाकीवरच अवलंबून. २०१८ मध्ये नगरपालिकेनं अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या मदतीनं पद्धत बदलली. टाकी तुंबण्याची वाट न पाहता, गावाचे भाग पाडून साधारण तीन वर्षांत प्रत्येक टाकी उपसायची. गाडी आली की घरमालकानं वेगळे पैसे द्यायचे नाहीत, खर्च कराच्या पैशातून. ठेकेदाराला पैसे मिळतात ते झालेल्या कामाप्रमाणे.

गाळ जातो दिवसाला ७० हजार लिटर क्षमतेच्या केंद्रात. तिथं आधी पाणी वेगळं करतात, मग घट्ट गाळ वाळवून अगदी कमी हवेत तापवतात. या उष्णतेत रोगजंतू मरतात आणि उरतो कोळशासारखा काळा पदार्थ, बायोचार.

यात एक मेख आहे. टाकीतून रोज बाहेर पडणारं पाणी या केंद्रात येत नाही, ते गटारातूनच वाहतं. त्यामुळे वाईनं अर्धा प्रश्न सोडवला असंच म्हणावं लागेल. पण हा अर्धासुद्धा बहुतेक गावांनी हातात घेतलेला नाही.

सांगलीचा प्रश्न वेगळा का?

वाईहून निघालेली कृष्णा माहुलीला वेण्णा आणि कराडला कोयना घेऊन सांगलीत येते. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या २०११ मध्येच ५ लाखांवर होती. इथली जुनी डोकेदुखी म्हणजे शेरीनाला. शहराचं सांडपाणी घेऊन तो कृष्णेला मिळतो. यावर उपाय म्हणून हे पाणी पंपानं उचलून धुळगावला नेण्याची आणि प्रक्रियेनंतर शेतीला देण्याची योजना झाली.

कल्पना चांगलीच आहे. पण नाला उताराने, फुकट वाहतो. पंपाला वीज, दुरुस्ती आणि माणूस लागतो. पंप थांबला की नाला आपली जुनी वाट धरतो.

सांडपाणी नदीत शिरलं की त्यातली घाण खाणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. शहराच्या सांडपाण्यात कारखान्यांचं पाणी मिसळलं आणि उन्हाळ्यात नदीची धार बारीक झाली, की ऑक्सिजन आणखी घटतो. सांगली परिसरात मासे मरून तरंगल्याच्या बातम्या येतात त्यामागचं विज्ञान हे. याच नदीचं पाणी शुद्ध करून शहर पितं.

डकारकडून काय शिकायचं?

सेनेगलच्या डकारमध्येही असंख्य घरं खड्ड्यांवर आणि टाक्यांवरच आहेत. २०१५ मध्ये तिथं गाळ जाळून वीज आणि पाणी देणारं 'ऑम्नी प्रोसेसर' यंत्र बसवलं, त्याचा जगभर गाजावाजा झाला. त्याहून साधी गोष्ट होती कॉल सेंटर. ग्राहकानं फोन केला की गाडीवाल्यांना एसएमएस जायचा, ते आपापला दर कळवायचे आणि कमी दरवाल्याला काम मिळायचं. परवडणारी गाडी मिळाली तर लोक टाकीत माणूस उतरवत नाहीत. हे महत्त्वाचं, कारण टाकीतला विषारी वायू काही क्षणांत जीव घेतो. आपल्याकडे सुरक्षा साधनांशिवाय असं काम करून घेण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे.

थोडक्यात

यंत्र विकत घेता येतं, उद्घाटनही होतं. अवघड असतं ते पुढची वीस वर्षं गाडी, पंप आणि पगार चालू ठेवणं. वाईचं खरं तंत्रज्ञान म्हणजे तिचं वेळापत्रक आणि त्यामागची पैशाची सोय. सांगलीच्या पुढच्या प्रत्येक योजनेला म्हणून एकच प्रश्न विचारायला हवा: बांधायला किती कोटी हे कळलं, चालवायला दरवर्षी किती आणि ते देणार कोण?

आणि घरी एक प्रश्न स्वतःला. आपली टाकी शेवटची कधी उपसली, आठवतंय का?