बाउन्सच्या आधीची टेप

आषाढी जवळ आली की आमच्याकडे तक्रारींची पत्रं वाढतात. यंदा बहुतेकांचं रडगाणं एकच आहे. जुन्या अभंगांच्या कॅसेटी ‘नव्याने मिक्स’ करण्याची कामं कंपन्या सोलापूर, पंढरपूर, बार्शीच्या स्टुडिओंना देताहेत आणि सोबत पाठवताहेत एक स्टिरिओ फाइल. तीही कॅसेटवरून उतरवलेली, हिससकट. यातून अ‍ॅटमॉस करून द्या म्हणे!

पंढरपूरच्या एका वाचकाने मल्टिट्रॅक मागितला. कंपनीने फॉर्म धाडला: मूळ ट्रॅकशीटची प्रत आणि मूळ रेकॉर्डिस्टचं ना-हरकत पत्र जोडा. रेकॉर्डिस्ट वारला त्याला बरीच वर्षं झाली. ट्रॅकशीट टेपच्या खोक्यात, खोकं कंपनीच्या गोदामात, आणि ते खोकं उघडायला हवी ट्रॅकशीट! वाचकाने हे फोनवर समजावून सांगितलं, तर ‘मग तुमचा अर्ज अपूर्ण आहे’ असं उत्तर मिळालं. कॉपीराइट कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं दिला आहे. टेप सांभाळायची सक्ती मात्र हक्कदारावर एका दिवसाचीही नाही. मग असले फॉर्म निघणारच.

टेप सांभाळली तर काय होतं ते बघा. किंग क्रिमझन या रॉक बँडचा ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंग’ हा अल्बम १९६९ साली लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत आठ ट्रॅकवर झाला. मेलोट्रॉनचे थर चढवायला ट्रॅक पुरेनात, म्हणून भरलेले ट्रॅक बाउन्स करून जागा काढली. दर बाउन्सला हिस चढतो आणि वरची फ्रिक्वेन्सी बोथट होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. २००९ मध्ये स्टीव्हन विल्सनने बँडच्याच रॉबर्ट फ्रिपला सोबत घेऊन तो पुन्हा मिक्स केला, तेव्हा बाउन्सच्या आधीच्या टेपा शाबूत होत्या. त्या एकमेकींशी जुळवून तो मिक्सला बसला, म्हणून चाळीस वर्षांनंतरचा मिक्स टेपच्या हिशेबात मूळ एलपीपेक्षा एक पिढी आधीचा निघाला. २०१९ मध्ये त्याने पुन्हा एकदा मिक्स केला. (आमच्या कानाला काही जागा जरा जास्तच धुतल्यासारख्या वाटतात, पण तो वाद टेप हाती असणाऱ्यांनी घालायचा.)

आता आपल्याकडचं बघा. पंढरपूरच्या जब्बार पटेलांचा ‘जैत रे जैत’ हा चित्रपट १९७७चा. हृदयनाथ मंगेशकरांनी ना. धों. महानोरांची गाणी त्यात अशी ओवली आहेत की तो सलग ऐकायचा अल्बमच आहे. उद्या त्यातला ढोल वेगळा उचलून मिक्स करायचा म्हटलं, तर टेप कुठे, कशी आहे, याची चौकशी आपल्या धंद्यातलं कोण करतं?

‘सॉफ्टवेअरने ट्रॅक सुटे करा की’ हा सल्ला आता फुकट मिळतो. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’साठी २०२२ मध्ये यंत्राने वाद्यं सुटी केली, हे खरं. पण त्यांच्याकडे निदान चार ट्रॅकची टेप होती. कॅसेटवरून उतरवलेला अभंग यंत्रात घालून बघा. टाळाची किणकिण गायकाच्या ‘स’ आणि ‘श’ला चिकटून येते, पखवाजाची घुमारी पेटीत जाते. प्रल्हाद शिंदेंच्या जातीचा चढा, मोकळा आवाज असला, तर वरच्या सुरावर तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाजतो.

कंपन्यांना झोडपलं, आता आपल्याकडे वळू. नव्वदच्या दशकात ए-डॅट आलं आणि एस-व्हीएचएस कॅसेट महाग म्हणून एकाचे आठ ट्रॅक पुसून त्यावर दुसऱ्याची भीमगीतं कुणी भरली? आजही गिऱ्हाइकाला स्टिरिओ फाइल पेनड्राइव्हवर दिली की प्रोजेक्ट फोल्डर उडवणारे सभासद आहेत. पैसे वाचवले म्हणून वर सांगतातही! हार्ड डिस्कची किंमत एका शिफ्टच्या भाड्याशी ताडून बघा.

प्रोजेक्ट फाइलवर विसंबू नका, तिचे प्लग-इन पाच वर्षांत उघडणार नाहीत. प्रत्येक ट्रॅक शून्यापासून, इफेक्टविना, २४ बिट वेव्हमध्ये काढा; सोबत टेम्पो, पट्टी, वादकांची नावं. दोन डिस्कवर ठेवा, त्यातली एक स्टुडिओबाहेर. पत्र्याखालच्या माळ्यावरची रिळं आधी खाली आणा, सोलापूरचा मे त्यांना सोसत नाही. चिकट झालेली टेप मशीनवर चढवू नका; ती ओव्हनमध्ये शेकायची असते आणि ते काम जाणकाराचं आहे.

खोक्यांवर काय लिहिलंय ते उतरवून आम्हाला पाठवा: कलाकार, साल, ट्रॅक किती, मशीन कोणतं. अर्धवट माहितीही चालेल. पुढच्या अंकापासून ही यादी आम्ही छापणार आहोत. मागे ट्रॅकशीटचे कोरे नमुने छापले, तेव्हा ‘पाठवतो’ म्हणणारे पुष्कळ निघाले होते. या वेळी महिनाअखेरपर्यंत वाट पाहू आणि मग एकेकाला फोन लावू.