मण्याचे मोल

सौराष्ट्रातून आलेल्या काही घरांत मोतीभरताचे जुने तोरण अद्याप जपून ठेवलेले आढळते. त्यातील बारीक काचमणी पुष्कळदा व्हेनिसच्या भट्ट्यांतील असून पूर्व आफ्रिकेशी व्यापार करणाऱ्या गुजराती पेढ्यांमार्फत इकडे आलेले असतात. व्हेनिसचेच मणी अटलांटिक ओलांडून उत्तर अमेरिकेतही गेले. तेथे त्यांचे काय झाले, हे व्यापारी कुटुंबांनी जाणून घेण्याजोगे आहे.

अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील महासरोवरांच्या परिसरात अनिशिनाबे लोक राहतात. ओजिब्वे, ओडावा, पोटावाटोमी हे त्यांच्यातीलच समाज. काचमणी येण्यापूर्वी तेथील स्त्रिया साळिंदराचे काटे रंगवून वस्त्रांवर टाचीत. पुढे युरोपीय व्यापारी बीव्हर नावाच्या प्राण्याच्या कातड्यांच्या मोबदल्यात मणी देऊ लागले. १६७० साली स्थापन झालेली हडसन्स बे कंपनी याच व्यापारावर वाढली. या सौद्यामागची जीवहिंसा आपल्या मनाला खुपल्यावाचून राहत नाही.

व्यापाऱ्याच्या वहीत मणी हा स्वस्त, हलका आणि न नासणारा माल होता. स्त्रियांनी मात्र त्याला निराळे मोल दिले. एका दोऱ्यात मणी ओवायचे आणि दर दोन-तीन मण्यांनंतर दुसऱ्या दोऱ्याने ती ओळ मखमलीवर टाचायची, अशी त्यांची रीत. वेली, पाने, फुले, रानफळे अशी नक्षी याच रीतीने उमटे. खांद्यावरून आडव्या घालावयाच्या त्यांच्या रुंद पट्ट्याच्या पिशव्या प्रसिद्ध आहेत. हा घाट युरोपीय सैनिकांच्या काडतुसांच्या पिशवीवरून आला. पण पुढे काही पिशव्यांना वस्तू ठेवण्यास कप्पाच उरला नाही. समारंभात मानाने मिरवणे हेच त्यांचे काम झाले.

डेलावेअर लोक स्वतःला लेनापे म्हणवितात. शेजारचे अनेक समाज त्यांना आदराने 'आजोबा' म्हणत. डेलावेअर नदीकाठची त्यांची भूमी गेली. काही जण कॅनडातील ओंटारिओत गेले. इतरांना ओहायो, इंडियाना, मिसूरी, कॅन्सस असे हटत हटत १८६०च्या दशकात आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. वाटेत नवे शेजारी लाभले, तशी त्यांच्या मणीकामाची नक्षी अधिक ठसठशीत व रंगांनी धीट झाली. घर वारंवार मोडले, तरी आईकडून लेकीकडे जाणारे हे कसब मोडले नाही.

या कामाला बाजारात मान मिळू लागला, तसे नकली मालही आले. म्हणून अमेरिकेने १९९० साली कायदा कडक केला. मूलनिवासींनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणाऱ्या व्यक्तीस पहिल्याच गुन्ह्यासाठी अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

कायदा परदेशीचा असला, तरी त्याचे मर्म आपल्या पेढीला परके नाही. परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलांनी असे मणीकाम भेट म्हणून घेताना किमतीआधी एवढे अवश्य विचारावे : हे कोणाच्या हातचे आहे? आणि आपल्या दुकानातील हातकामाविषयी गिऱ्हाइकाने हाच प्रश्न केला, तर खरे उत्तर आपल्यापाशी तयार असावे.