अंगठ्याची निशाणी आणि टॅबलेटचें कुलूप

आमचे आजोबा वयाच्या तिसाव्या वर्षीं मिशनच्या रात्रशाळेंत अक्षरें गिरवूं लागले. त्यांस कांहीं पंडित व्हावयाचें नव्हतें. सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर अंगठा न उठवितां आपलें नांव आपल्या हातानें लिहितां यावें, एवढीच त्यांची आकांक्षा होती. ज्या दिवशीं त्यांनीं पहिली सही केली त्या दिवशीं घरांत गूळ वांटला, असें आमची आजी सांगे. त्या काळीं अंगठा हें निरक्षरतेचें चिन्ह होतें आणि 'अंगठेबहाद्दर' ही शिवी होती. आज काळाची गंमत पाहा! त्याच घरांतील पणतू शाळेंतून येतो, दप्तर टाकतो, आणि टॅबलेट हातीं घेऊन अंगठा उठवितो. ज्या अंगठ्याची पूर्वीं लाज वाटे तोच आतां सुधारणेचें लक्षण ठरला आहे.

ह्या अंगठ्याविषयीं विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस चार शब्द सांगावे, असें आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत होतें. आम्ही यंत्रांचे वैरी नव्हों. आमचें म्हणणें इतकेंच कीं, बोट कोठें ठेवावें व कोठें ठेवूं नये, हें शिकणें हाही आतां शिक्षणाचाच एक भाग झाला आहे.

प्रथम यंत्राची बाजू न्यायानें मांडूं. अ‍ॅपल कंपनीनें २०१३ सालीं आपल्या आयफोन ५एस ह्या फोनांत, आणि २०१४ च्या ऑक्टोबरांत आयपॅड एअर २ व आयपॅड मिनी ३ ह्या टॅबलेटांत ठसा ओळखणारी कळ बसविली. इतर कंपन्यांच्या टॅबलेटांतही ही सोय आली. बोटाच्या कातडीवर बारीक उंचवटे व खळगे असतात. बोट कळीवर टेंकलें म्हणजे उंचवटा कळीस चिकटतो, खळगा किंचित् दूर राहतो. त्यामुळें ठिकठिकाणच्या विद्युद्भारांत सूक्ष्म फरक पडतो, व त्यावरून यंत्र रेषांचा नकाशा काढतें. त्या नकाशावरून एक गणिती टांचण तयार होतें आणि पुढच्या वेळीं आलेलें बोट त्या टांचणाशीं ताडून पाहिलें जातें. अ‍ॅपलचें सांगणें असें कीं, हें टांचण टॅबलेटच्याच पोटांतील एका बंदिस्त कप्प्यांत राहतें. बोटाचें चित्र ठेविलें जात नाहीं, व टांचण कंपनीकडे पाठविलेंही जात नाहीं. परक्याचें बोट चुकून जुळण्याचा संभव ५०,००० त एक, असेंही कंपनी सांगते. पांच वेळां बोट चुकलें कीं परवलीचा शब्द विचारला जातो.

हें सर्व चांगलेंच आहे. ज्या घरांत टॅबलेटला कुलूपच नव्हतें, किंवा '१२३४' हा परवलीचा आंकडा सर्व आळीला ठाऊक होता, त्या घरांत बोटाचें कुलूप शंभर पटींनीं बरें.

मग शंका कसली? शंका अशी कीं, बोट किल्लीचें काम करीत असलें तरी तें किल्ली नव्हे. २०१३ च्या सप्टेंबरांत अमेरिकेच्या सीनेटचे तत्कालीन सभासद अल फ्रँकन ह्यांनीं अ‍ॅपलचे प्रमुख टिम कुक ह्यांस पत्र लिहून हाच मुद्दा मांडला. परवलीचा शब्द गुप्त असतो व बदलतां येतो; बोटाचा ठसा उघडा असतो व जन्मभर तोच राहतो, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. किल्ली हरवली तर आपण कुलूप बदलतों. ठसा चोरीस गेला तर बोट कोठून आणावें? देवानें बोटें दिलीं तीं दहाच. आणि तीं तरी आपण जेथें तेथें उमटवीत असतों. पाण्याच्या पेल्यावर, दाराच्या कडीवर, इतकेंच काय, त्या टॅबलेटच्या कांचेवरही. किल्लीचा सांचा कुलुपालाच टांगून गांवाला जाण्यासारखें हें आहे.

ही केवळ कल्पना नव्हे. तो आयफोन बाजारांत येऊन थोडे दिवस होतात न होतात तोंच जर्मनींतील केऑस कॉम्प्युटर क्लब ह्या मंडळींनीं कांचेवरील ठशाचें छायाचित्र घेऊन त्यावरून पातळ सांचा केला व त्या खोट्या बोटानें फोन उघडून दाखविला. २०१४ च्या डिसेंबरांत हॅम्बुर्ग येथील परिषदेंत त्याच मंडळींपैकीं एकानें, जर्मनीच्या तत्कालीन संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायेन ह्यांच्या अंगठ्याचा ठसा आपण नुसत्या छायाचित्रांवरून तयार केला आहे, असें जाहीर केलें. अर्थात् अशा खटाटोपास कौशल्य लागतें. सामान्य चोर त्या भानगडींत पडणार नाहीं. परंतु घरच्या माणसास एवढा खटाटोपही नको. २०१६ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यांतील एका सहा वर्षांच्या मुलीनें निजलेल्या आईचा अंगठा हळूच उचलून फोनवर टेंकला आणि सुमारें २५० डॉलरांचीं खेळणीं मागविलीं! हंसूं येतें खरें. पण निजलेल्या माणसाच्या मनांतला शब्द कोणास काढून घेतां येत नाहीं आणि बोट मात्र उचलून नेतां येतें, ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं.

तथापि टॅबलेटची कळ हा ह्या प्रश्नाचा धाकटा भाग झाला. थोरला भाग हा कीं, घेतलेला ठसा कोठें राहतो व कोणाच्या ताब्यांत राहतो. २०१५ सालीं संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, एचटीसी वन मॅक्स ह्या फोनांत ठशाचें चित्रच अशा उघड्या जागीं पडलें होतें कीं फोनांतील कोणत्याही अ‍ॅपनें तें वाचावें. पुढें ती चूक दुरुस्त झाली. पण बोट ठेवणारास बाहेरून दोन्ही फोन सारखेच दिसत होते, हें ध्यानांत ठेवावें. त्याच वर्षीं अमेरिकन सरकारच्या नोकरांची दप्तरें सांभाळणाऱ्या कचेरींतून सुमारें ५६ लाख लोकांचे ठसे चोरीस गेल्याचें जाहीर झालें. परवलीचे शब्द गेले असते तर त्या ५६ लाखांनीं ते दुसऱ्या दिवशीं बदलले असते. १८७५ सालीं आपल्याकडे सुपें व आसपासच्या गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. तें योग्य कीं अयोग्य हा प्रश्न निराळा. पण कागद जळला म्हणजे त्यावरची निशाणीही जळत असे. आजच्या भांडारांतून निघालेल्या एका ठशाच्या क्षणांत हजार प्रती होतात. त्या कोण, कोठें जाळणार?

येथें आम्हांस आमची स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. २०२१ सालीं, करोनाच्या दिवसांत, एका दानशूर गृहस्थांनीं दिलेले कांहीं टॅबलेट आम्हीं गरजू मुलांस वापरावयास दिले. देतांना प्रत्येकाचें बोट नोंदविण्याचें काम आमच्याकडे होतें. रांग लावली, बोट धरलें, कळीवर टेंकविलें, कीं पुढचा मुलगा. वर्षअखेर टॅबलेट परत घेतांना आठवीची एक मुलगी घुटमळली व हळूच म्हणाली, "सर, माझं बोट आतां ह्याच्यांतच राहणार का?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तीं बोटें पुढें कोणी पुसावयाचीं ह्याचा आम्हीं विचारच केला नव्हता. आणि त्याहून वाईट हें कीं, घेण्यापूर्वीं त्यांस विचारलेंही नव्हतें. त्या दुपारीं सर्व मुलांच्या देखत एकेक टॅबलेट उघडून आम्हीं त्या नोंदी पुसल्या. त्या मुलीचे आम्ही अद्याप ऋणी आहों.

न विचारतां घेणें आणि विचारून घेणें, ह्या दोहोंतच ह्या वादाचें मर्म आहे, आणि तें आपल्या लोकांस शंभर वर्षांपूर्वींच कळलें होतें. १९०६ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील ट्रान्सवाल सरकारनें असा वटहुकूम पुढें आणला कीं, तेथील हिंदी स्त्रीपुरुषांनीं व आठ वर्षांवरील मुलांनींही आपली नोंद करून बोटांचे ठसे द्यावे व दाखला जवळ बाळगावा. ११ सप्टेंबर १९०६ रोजीं जोहान्सबर्गच्या एम्पायर नाटकगृहांत हिंदी लोकांनीं हा जुलूम न मानण्याची शपथ घेतली, आणि सत्याग्रहाचा पाया तेथें घातला गेला. पुढें १९०८ च्या जानेवारींत जनरल स्मट्स ह्यांच्याशीं तडजोड होऊन, लोकांनीं आपण होऊन नोंद करावी, असें ठरलें. १० फेब्रुवारीस गांधीजी नोंदीसाठीं निघाले असतां एका संतापलेल्या पठाणानें व त्याच्या सोबत्यांनीं त्यांस बेशुद्ध होईपर्यंत मारलें. जोसेफ डोक नांवाच्या बॅप्टिस्ट पाळकानें त्यांस आपल्या घरीं नेऊन त्यांची शुश्रूषा केली. आणि त्या घरींच, बिछान्यावर पडल्या पडल्या, गांधीजींनीं अधिकाऱ्याकडे आपले ठसे दिले. सक्तीचा कायदा मात्र उठला नाहीं, तेव्हां १६ ऑगस्ट १९०८ रोजीं त्याच लोकांनीं ते दाखले जाहीर सभेंत जाळले. बोट तेंच, शाई तीच. सक्तीनें मागितला तेव्हां जो ठसा अपमान होता, तोच संमतीनें दिला तेव्हां सौजन्य झाला.

आपल्या देशांत आतां हा प्रश्न घरोघरचा आहे. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजीं आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं देण्यांत आला. मुलांचे ठसे पांचव्या वर्षीं व पुन्हां पंधराव्या वर्षीं घेतले जातात. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें असा निर्णय दिला कीं, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०१८ च्या सप्टेंबरांत त्याच न्यायालयानें आधारची योजना कायम ठेविली, परंतु शाळाप्रवेशासाठीं आधारची सक्ती करतां येणार नाहीं, असेंही सांगितलें. २०२३ सालीं संसदेनें संमत केलेल्या कायद्यांत, अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वीं पालकांची संमति घ्यावी, असें कलम आहे. इंग्लंडांत तर २०१२ च्या कायद्यानें शाळेस पालकांची लेखी संमति घ्यावी लागते. आणि मुलानें स्वतः नकार दिला तर पालकांच्या संमतीनंतरही त्याचा ठसा घेतां येत नाहीं, त्यास दुसरी सोय करून द्यावी लागते. मुलाच्या 'नको'ला असा मान देणारा कायदा आम्हांस फार आवडला.

कोणी म्हणेल, 'ज्यास लपविण्यासारखें कांहीं नाहीं त्यास भय कशाचें?' त्यास आमचें उत्तर असें कीं, आईला लिहिलेलें पत्र आपण पाकिटांत घालून चिकटवितों. त्या पत्रांत कांहीं पाप असतें म्हणून का? तें आपलें व आईचें असतें म्हणून. सज्जनासही दाराला कडी लागतेच.

म्हणून पालकांस आमची नम्र विनंती आहे. घरच्या टॅबलेटला बोटाचें कुलूप खुशाल लावा. परंतु सोबत लांबसा परवलीचा शब्द ठेवा, आणि पैशाच्या व्यवहारास बोटाची मुभा देतांना दोनदां विचार करा. टॅबलेट विकतांना किंवा परत देतांना त्यांतील नोंदी आपल्या हातानें पुसा. आधारचे ठसे वापर नसतांना बंद करून ठेवण्याची सोय आहे, तिचा लाभ घ्या. आणि कोणी, मग ती शाळा कां असेना, तुमच्या मुलाचें बोट मागूं लागला तर चार प्रश्न विचारा. हा ठसा कोठें ठेवणार? तो कोण पाहणार? केव्हां पुसणार? आणि आम्हीं नाहीं म्हटलें तर दुसरी सोय काय?

विद्यार्थिमित्रहो, हे प्रश्न विचारणें म्हणजे उद्धटपणा, असें समजूं नका. आठवीच्या त्या मुलीनें किती नम्रपणें विचारलें, आणि तिच्या शिक्षकास त्यांतून केवढा धडा मिळाला! आमचे आजोबा सही करण्यास शिकले खरे, पण सहीच्या आधीं ते आणखी एक गोष्ट शिकले होते. कागद पुढें आला कीं ते चष्मा पुसत, ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचीत, आणि मग दौत मागवीत. सोसायटीचा कारकून घाई करी. ते म्हणत, "थांब बाबा, वाचूं दे." कळीवर बोट टेंकण्यापूर्वीं तेवढें थांबण्यास तुम्हीही शिका.