इंग्रजी गद्यातील अलंकार व आमचे वाचन

इंग्रजी गद्यातील अलंकार ओळखणे हा शाळकरी मुलांचा विषय आहे, प्रौढ वाचकास त्याचे काही प्रयोजन नाही, असा समज आमच्या सुशिक्षित कुटुंबांत रूढ झालेला आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री दहावीस नावे घोकावी, कवितेच्या ओळीखाली त्यांपैकी एक लिहावे, गुण पदरात पाडून घ्यावे, आणि निकाल लागताच सर्व विसरून जावे, असा हा व्यवहार आहे. आमचे म्हणणे असे की, हा व्यवहार नुसता निरुपयोगी नव्हे, तर अपायकारक आहे. कारण त्याने दोन खोट्या समजुती जन्मभर मनात ठाण मांडून बसतात. पहिली ही की, अलंकार काय ते पद्यात असावयाचे. दुसरी ही की, अलंकाराचे नाव सांगता आले म्हणजे तो ओळखला.

ह्या समजुतींचा निकाल इतिहासाने केव्हाच लावून ठेवला आहे. सन १७०२ च्या डिसेंबरात लंडन शहरी डॅनियल डीफो ह्याने आपले नाव न घालता एक चोपडे छापले. इंग्लंडच्या राजमान्य चर्चहून निराळ्या मार्गाने उपासना करणारे जे 'डिसेंटर' लोक, त्यांच्या पंथाचा समूळ उच्छेद करावा, त्यांच्या उपदेशकांस फाशी द्यावे व अनुयायांस देशाबाहेर घालवावे, असा त्यात मोठ्या आवेशाने उपदेश केलेला होता. डीफो स्वतः डिसेंटर. विरुद्ध पक्षातील जहाल लोकांची भाषा त्याने हुबेहूब उचलली, ती एवढ्याचसाठी की, तिच्यातील क्रूरपणा लोकांच्या डोळ्यांत भरावा. पण झाले भलतेच. जहालांपैकी कित्येकांनी ते आपलेच मत म्हणून डोक्यावर घेतले, डिसेंटर भयभीत झाले, आणि उपरोध उघडकीस येताच दोन्ही पक्ष लेखकावर उलटले. १७०३ च्या जुलैत त्यास तीन दिवस भर चव्हाट्यावर खोड्यात उभे करण्यात आले, आणि नोव्हेंबरापर्यंत त्याची न्यूगेटच्या तुरुंगातून सुटका झाली नाही.

आता आम्ही विचारतो, ह्या वाचकांस 'आयरनी' हे नाव अपरिचित होते काय? मुळीच नाही. १५८९ साली प्रसिद्ध झालेल्या व जॉर्ज पटनॅमच्या नावावर मोडणाऱ्या इंग्रजी काव्यशास्त्राच्या ग्रंथात ह्या अलंकाराचे विवेचन असून, त्यास 'कोरडी थट्टा' अशा अर्थाचे देशी नावही दिलेले आहे. नाव शंभर वर्षांपासून तयार होते. ओळख मात्र वेळेवर पटली नाही.

ही ओळख कशी पटावी, ह्याचे साधन आमच्याच घरी आहे. लक्षणेस तीन गोष्टी लागतात, असे आमचे शास्त्र सांगते: मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी काही संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. गंगेच्या पाण्यावर गवळीवाडा वसत नाही, म्हणून तो गंगेच्या तीरावर असे आपण समजतो. आणि 'तीर' न म्हणता 'गंगा' म्हणण्यात वाड्याचे पावित्र्य व शैत्य सुचविले, हे प्रयोजन. जोनाथन स्विफ्टने १७२९ साली आयर्लंडमधील दरिद्री लोकांची एक वर्षाची मुले श्रीमंतांच्या खाण्यासाठी विकावी, अशी सूचना हिशेबाचे आकडे मांडून केली. ती वाचताच मुख्यार्थाचा बाध होतो. मनुष्याचे हृदयच तो अर्थ स्वीकारीत नाही. डीफोची गोष्ट निराळी होती. तसे खरोखरच बोलणारे लोक त्या काळी असल्यामुळे वाक्यावाक्यात बाध असा कोठेच आढळत नव्हता. अशा स्थळी वाक्याच्या बाहेर पाहावे लागते. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त अर्थाच्या व्यंजनेसाठी वक्ता, श्रोता, काकू, प्रसंग, देश, काल इत्यादी गोष्टी मोजून दिल्या आहेत. कोण बोलतो, कोणापुढे बोलतो, कोणत्या वेळी बोलतो, हे प्रश्न ज्याने विचारले नाहीत, त्याने अलंकारांची सर्व नावे पाठ केली तरी तो फसणारच.

कोणी म्हणेल, 'हे उपरोधकारांचे झाले. सरकारी लेखांच्या सरळ गद्यात अलंकार कोठून येणार?' आमचे उत्तर असे की, तेथेच ते अधिक घात करतात, कारण तेथे त्यांचा संशय येत नाही. मेकॉलेने २ फेब्रुवारी १८३५ रोजी लिहिलेली टिपणी घ्या. युरोपातील चांगल्या ग्रंथसंग्रहाचे एक फडताळ हिंदुस्थान व अरबस्तान ह्यांच्या सबंध वाङ्मयाच्या तोडीचे आहे, आणि ही गोष्ट नाकारणारा एकही पौर्वात्य विद्येचा पंडित आपणांस आढळला नाही, असे त्याने तीत लिहिले; आणि आपणांस संस्कृत किंवा अरबी येत नाही, हेही त्याच टिपणीत कबूल केले. फडताळ हे ग्रंथांच्या जागी योजलेले आणि त्यावर अतिशयोक्ती चढविलेली! विधान असते तर कोणी पुरावा मागितला असता. डोळ्यांपुढे फडताळ उभे राहिले, आणि पुराव्याची आठवण मागे पडली. त्यानंतर पाच आठवड्यांच्या आत, ७ मार्च रोजी, बेंटिंकच्या सरकारचा इंग्रजी शिक्षणाच्या बाजूचा ठराव झाला. ठरावाची कारणे अनेक असतील; पण ज्या वाक्याने आमच्या पूर्वजांची विद्या तोलली गेली, ते वाक्य अलंकार होते, हे आमच्या किती पदवीधरांस शिकविले गेले?

ही गोष्ट जुनी झाली असेही नाही. १९४६ साली जॉर्ज ऑर्वेलने इंग्रजी भाषेवरील आपल्या निबंधात दाखविले की, निराधार खेड्यांवर बॉम्ब टाकून लोकांस देशोधडीस लावावयाचे आणि त्यास 'शांतता प्रस्थापन' म्हणावयाचे, अशी राज्यकर्त्यांची भाषा बनली आहे. आज युद्धात निरपराध माणसे मेली म्हणजे इंग्रजी पत्रे 'कोलॅटरल डॅमेज' लिहितात, आणि आमचे वाचक ते शब्द जसेच्या तसे उचलतात. ही पर्यायोक्तीच होय. 'बाटलीचे तोंड' म्हणताना आपण फसत नाही, कारण ती रूढी झाली. येथे मात्र रूढीचे सोंग घेऊन प्रयोजन लपलेले असते, आणि ते प्रयोजन प्रेते झाकण्याचे असते.

म्हणून परीक्षकांस आमचे सांगणे आहे की, 'अलंकार ओळखा' हा प्रश्न एक तर बंद करावा, नाही तर पुरा विचारावा. गद्याचा उतारा द्यावा आणि विचारावे: येथे सरळ शब्द कोणता होता? तो का टाळला? टाळल्याने कोणाचा फायदा झाला? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे देणारा विद्यार्थी नाव चुकला तरी पुरे गुण द्यावे. आणि नाव बरोबर लिहून उत्तरे न देणाऱ्यास एकही देऊ नये. पालकांनीही मुलांची वही पाहण्याआधी सकाळचे इंग्रजी वर्तमानपत्र पुढे ओढून हेच तीन प्रश्न स्वतःस विचारून पाहावे. उत्तर सुचले नाही, तर परीक्षेत कोण नापास झाले हे आम्ही सांगावयास नको.