टोमॅटो आज कितीवर आहेत?

परक्या भाषेच्या कुठल्याही पुस्तकात 'याची किंमत काय?' हे वाक्य पहिल्या दहा पानांत येते. माझी भाची माद्रिदला शिकायला गेली ती 'क्वांतो क्वेस्ता?' एवढीच शिदोरी घेऊन. शिष्यवृत्ती बेताची, पैन् पै मोजून वापरायची. तरी पहिले दोन महिने पोरगी मंडईकडे फिरकली नाही. मोठ्या दुकानात किमतीच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात, तोंड उघडावे लागत नाही, म्हणून तिथेच जाई. दिवसच्या दिवस कुणाशी चार शब्द बोलणे होत नसे. फोनवर तिचा आवाज ऐकून तिच्या आईच्या पोटात कालवे.

अखेर घरमालकीण आजीबाईच तिला मंडईत घेऊन गेल्या. तिथे कळले, की खुर्चीची किंमत विचारायला 'क्वेस्ता' ठीक. पण भाजीला विचारायचे 'आ क्वांतो एस्तान लोस तोमातेस?' म्हणजे टोमॅटो कितीवर आहेत? गंमत पाहा, स्पॅनिशमध्ये 'असणे' या अर्थाची दोन क्रियापदे आहेत. माणसाची प्रकृती विचारताना जे वापरतात, तेच इथे भावाला! आज आहे, उद्या उतरेल किंवा चढेल. भाजी तोलून झाली, की मात्र 'क्वांतो एस?' म्हणजे 'किती झाले?' इथे दुसरे क्रियापद. हिशेब झाला, आता हलायचा नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा कीस कशाला? पण आपणही भाजीवालीला 'मेथीची किंमत काय?' असे कुठे विचारतो? 'मेथी कशी दिली?' म्हणतो. स्पॅनिशमध्येही 'आ कोमो?' असे विचारतात, आणि 'कोमो' म्हणजे 'कसे'! हे ऐकल्यावर भाचीची भीड निम्मी गेली. घासाघीस मात्र तिथल्या मंडईत चालत नाही. ती हौस रविवारच्या 'एल रास्त्रो' या जुन्या बाजारात भागवावी.

महागाईला त्यांचे शब्द जरा भयंकरच. वस्तू महाग असली, की ती 'चेहऱ्यावरचा एक डोळा' घेते, नाहीतर एक मूत्रपिंड. आपले नुसते डोळे पांढरे होतात.

आजीबाईंच्या तोंडी अजून 'दुरो' येतो. दुरो म्हणजे पाच पेसेता. शंभर पेसेतांच्या नाण्याला लोक 'वीस दुरो' म्हणत. आपण १९५७ नंतरही पंचवीस पैशांना चार आणे म्हणत राहिलो, तसेच. २००२ साली युरोची नाणी-नोटा हाती आल्या, एका युरोला १६६.३८६ पेसेता या हिशेबाने पेसेता गेला. दुरो बोलण्यात उरला. खिसा रिकामा असला की अजून म्हणतात, 'नो तेंगो ऊन दुरो'. माझ्याजवळ एक दुरोही नाही.

आपण 'दमडी नाही' म्हणतो. आता दमडी तुमच्या-माझ्यापैकी कुणी पाहिली आहे?