मोहल्ल्यातला क्लब कशासाठी?

कोलकात्याच्या मोहम्मद सलीम यांची गोष्ट अधूनमधून व्हॉट्सअपवर फिरत येते. १९३६ साली मोहामेडन स्पोर्टिंगचा हा खेळाडू ग्लासगोला गेला, तिथल्या सेल्टिक क्लबकडून बुटांशिवाय, नुसत्या पायांना पट्ट्या बांधून दोन सामने खेळला आणि स्कॉटिश प्रेक्षकांना थक्क करून परत आला. त्याचा एक फोटोही आहे. सेल्टिकचे जिमी मॅकमेनेमी सलीमच्या पायाला पट्टी गुंडाळताहेत. गुलामीच्या काळात एक गोरा माणूस हिंदुस्थानी मुसलमानाच्या पायाशी बसलाय, हे पाहून ऊर भरून येणं साहजिक आहे. मेसेजच्या शेवटी अभिमानाची एखादी ओळ असते, आपण ती पुढे पाठवतो आणि मोकळे होतो.

त्या फोटोतल्या क्लबबद्दल मात्र कुणी बोलत नाही. सेल्टिक कुणी काढला आणि कशासाठी काढला, ही गोष्ट सलीमच्या अनवाणी पायांइतकीच आपल्या कामाची आहे. माझ्या मते थोडी जास्तच.

एकोणिसाव्या शतकात ग्लासगोच्या पूर्व भागात आयरिश कॅथॉलिकांची दाट वस्ती होती. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक गेलं, दुष्काळ पडला आणि लाखो माणसं देश सोडून निघाली. त्यातली बरीच समोरच्या किनाऱ्यावर, स्कॉटलंडमध्ये उतरली. शहर प्रॉटेस्टंट आणि हे कॅथॉलिक. कामं अंगमेहनतीची, खोल्या कोंदट, पोरं जास्त, आणि वर शेजाऱ्यांची संशयाची नजर. मुंब्रा किंवा भिवंडीत राहणाऱ्या वाचकाला हे वर्णन वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

तिथे ब्रदर वॉल्फ्रिड नावाचे एक धर्मबंधू कॅथॉलिक शाळेचे मुख्याध्यापक होते. ते स्वतः आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातून आलेले. मुलं शाळेत उपाशी येतात किंवा उपाशी म्हणून येतच नाहीत, हे त्यांना रोज दिसत होतं. म्हणून त्यांनी शाळेत एका पेनीत जेवण सुरू केलं. आपल्याकडच्या शाळेतल्या खिचडीचा हा थोरला भाऊच म्हणा. पोरं येऊ लागली, पण पैसे पुरेनात. त्या काळात फुटबॉलच्या सामन्याला तिकीट काढून गर्दी होऊ लागली होती. वॉल्फ्रिड यांनी हिशेब मांडला, की आपलाच क्लब काढला तर तिकिटाचा पैसा मुलांच्या जेवणाला लावता येईल. ६ नोव्हेंबर १८८७ रोजी सेंट मेरी चर्चच्या सभागृहात बैठक झाली आणि सेल्टिकची स्थापना झाली. मैदान लोकांनी स्वतः राबून तयार केलं. २८ मे १८८८ च्या पहिल्या सामन्यात त्यांनी रेंजर्सला ५-२ ने हरवलं. तिथून या दोन क्लबांचं जे वैर सुरू झालं ते आजही शमलेलं नाही, पण तो विषय वेगळा.

वॉल्फ्रिड यांच्या मनात केवळ भूक होती असं नाही. प्रॉटेस्टंट संस्थाही गरिबांना सूप वाटत होत्या, आणि वाटीभर सुपासाठी आपली मुलं धर्म सोडतील ही भीती कॅथॉलिक धर्मगुरूंना होती. म्हणजे सेवेच्या मागे स्वतःच्या अस्मितेची काळजीही होती. आपल्या समाजातल्या अनेक शाळा, अंजुमनं आणि वसतिगृहं याच दोन भावनांच्या मिश्रणातून उभी राहिली. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अस्मितेची काळजी करणाऱ्याने मुलाच्या ताटात काय वाढलं, एवढंच मी बघतो. वॉल्फ्रिड यांनी जेवण वाढलं. शिवाय क्लबचा दरवाजा त्यांनी फक्त कॅथॉलिकांपुरता ठेवला नाही, दुसऱ्या पंथाचे खेळाडूही पुढे त्यात सहज खेळले.

आता गोष्टीचा पुढचा भाग, जो क्लबच्या गौरवगाथेत थोडा घाईने उरकला जातो. १८९२ मध्ये वॉल्फ्रिड यांची लंडनला बदली झाली. १८९७ साली सेल्टिक मर्यादित कंपनी झाला. भागधारकांना लाभांश मिळू लागला आणि ज्या मुलांच्या जेवणासाठी क्लब काढला होता, त्यांचा वाटा बंद पडला. संघ जिंकतच राहिला. १९६७ मध्ये लिस्बनला युरोपियन कप जिंकणारा पहिला ब्रिटिश क्लब हाच, आणि त्या संघातले अकराच्या अकरा खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या आतले. हा पराक्रम मोठाच. पण मुलांच्या थाळीचा मूळ हिशेब क्लबला रीतसर आठवायला १९९५ साल उजाडावं लागलं. तेव्हा त्यांनी धर्मादाय निधी सुरू केला, आज तो सेल्टिकचं फाउंडेशन म्हणून काम करतो. आरोग्य, समता, शिक्षण आणि गरिबी ही त्याची चार कामं. बेकार तरुणांना नोकरीसाठी तयार करणारे वर्ग आहेत, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांसाठी फुटबॉलचे तास आहेत. क्लबच्या अकादमीतली निवडक मुलं कर्किंटिलोकच्या एका सरकारी शाळेत नेहमीच्या वर्गात बसतात आणि शाळेच्या वेळापत्रकातच त्यांचा सराव बसवलेला असतो. कारण अकादमीत आलेल्या बहुतेक मुलांना व्यावसायिक खेळाडू होता येत नाही, हे तिथल्या प्रत्येक प्रशिक्षकाला ठाऊक असतं. ज्याचा पाय मोडला किंवा ज्याला वरच्या संघात घेतलं नाही, त्याच्या हातात निदान दाखला असावा लागतो.

आता मोहामेडन स्पोर्टिंगकडे येऊ. १८९१ साली स्थापन झालेल्या या क्लबने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षं कलकत्ता लीग जिंकली. त्याआधी ही लीग कुठल्याही भारतीय क्लबने जिंकली नव्हती. १९४० मध्ये ड्युरँड कपही आणला. त्या वर्षांत बंगालच्या मुसलमानाला या क्लबने काय दिलं असेल, याची कल्पना आज करता येणं कठीण आहे. मान ताठ करून चालण्याची सवय दिली, असं म्हणू. पण खेळाडू बंगळूरपासून सरहद्दीपर्यंत जिथे मिळतील तिथून आणले जात. क्लबच्या विजयाने मटियाबुर्जच्या पोराला आनंद झाला, पण त्याच्या शाळेची फी त्याने भरली नाही. ती अपेक्षाही कुणी ठेवली नव्हती.

मला खटकतं ते हे, की नव्वद वर्षांनंतरही आपण क्लबकडून तेवढंच मागतो.

आपल्या वस्त्यांत पावसाळा संपला की टूर्नामेंट सुरू होतात. कुठे फुटबॉल, बहुतेक ठिकाणी टेनिसबॉल क्रिकेट. चौकात बॅनर लागतो. वर नगरसेवकांचा हसरा फोटो, खाली पंधरा-वीस 'भाईं'चे पासपोर्ट साईज चेहरे. एंट्री फी घेतात, रात्रीचे दिवे लावतात, माईकवर कॉमेंट्री करणारा पोरगा तर खरोखर कमालीचा असतो. फायनलला पोराच्या उंचीची ट्रॉफी देतात. ती पुढे क्लबच्या खोलीत कॅरमबोर्डाच्या वर धूळ खात राहते. या सगळ्यावर किती खर्च होतो ते आयोजकांना विचारा, अभिमानाने सांगतील. मग त्यांना हेही विचारा, की मैदानावर उतरलेल्या पोरांपैकी दहावी किती जणांनी दिली. बहुतेकांकडे उत्तर नसतं, कारण हा प्रश्न टूर्नामेंटशी संबंधित आहे असंच त्यांना वाटत नाही.

सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं होतं, की सहा ते चौदा वयातली पंचवीस टक्के मुस्लिम मुलं शाळेत कधी गेलेली नाहीत किंवा मधूनच बाहेर पडली आहेत. त्यावर आपण परिसंवाद भरपूर घेतले. पण आठवीनंतर शाळा सोडून गॅरेजवर, बेकरीत, पॉवरलूमवर जाणारा मुलगा परिसंवादाला येत नाही. तो येतो मैदानावर, तेही रोज आणि स्वतःच्या पायांनी. मौलाना, मास्तर आणि बाप या तिघांचं न ऐकणारा पोरगा संघाच्या कप्तानाचं ऐकतो. ही एवढी मोठी ताकद हातात असून आपण तिचा उपयोग फक्त शेजारच्या मोहल्ल्याला हरवण्यासाठी करतो.

हे बदलता येतं, आणि त्याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईत कफ परेडच्या आंबेडकर नगर झोपडपट्टीत वाढलेल्या अशोक राठोड यांनी २००६ मध्ये ऑस्कर फाउंडेशन सुरू केलं. शाळा सोडून मजुरीला लागणारी मुलं त्यांनी आपल्याच गल्लीत पाहिली होती. नियम त्यांनी एकच केला, शाळा नाही तर फुटबॉल नाही. शाळा बुडवली की सराव बंद. नागपुरात विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन जे काम उभं केलं, ते नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' चित्रपटामुळे घरोघरी पोहोचलंच आहे. चित्रपट पाहून आपण टाळ्या वाजवल्या. ती वस्ती आपल्याही गल्लीसारखीच आहे, हे मात्र थिएटरमध्येच विसरून आलो.

कोल्हापूरकरांना हे वाचून वाटेल की आमच्याकडे काय कमी आहे. खरंच, महाराष्ट्रात फुटबॉलचं वेड बघायचं तर शाहू स्टेडियमवर जावं. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी, खंडोबा, पेठापेठांच्या तालमींचे संघ, आणि त्यांत हिंदू-मुसलमान पोरं एकाच जर्सीत. याच शहरात शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. खेड्यातल्या पोराला राहायला जागा दिली तरच तो शिकेल, हे महाराजांनी ओळखलं होतं. एकीकडे तालमीची परंपरा, दुसरीकडे बोर्डिंगची. दोन्ही जिथे आहेत तिथे तालमीतल्या खेळाडूची संध्याकाळची दीड तास अभ्यासिका सहज निघू शकते. महापुरात याच तालमींची पोरं कमरेइतक्या पाण्यात उतरतात. वही-पेनासाठी मैदानाच्या कडेला बसायला त्यांना कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.

आक्षेप येतील. खेळून पोट भरतं का, हा पहिला. नाही भरत, म्हणूनच तर शाळेची अट घालायची. दुसरा आक्षेप पैशाचा. इथे काही जण लगेच जकातीवर येतात. जकातीचे हक्कदार कुराणने ठरवून दिले आहेत, त्यात दिव्यांचं आणि जर्सीचं बिल बसवायचा अट्टहास मी करणार नाही. गरीब विद्यार्थ्याच्या फीसाठी जकात अनेक ठिकाणी आजही दिली जाते, ती द्यावी. मैदानाचा खर्च सदक्यातून, देणगीतून निघू शकतो. आणि खरं तर वेगळा पैसा लागतही नाही. ट्रॉफीची उंची अर्धी केली तरी एका शिकवणीच्या सरांचा वर्षभराचा पगार निघेल, अशी काही मैदानं मला माहीत आहेत.

तिसरा आक्षेप सहसा कुणी उघड बोलत नाही. मुलींचं काय? वर जिथे जिथे 'पोरगा' लिहिलं, तिथे 'पोरगी' लिहायला जागाच नव्हती, कारण आपल्या मैदानांवर ती नाही. मुंब्र्यात 'परचम' या गटाने ती उणीव भरून काढायला सुरुवात केली. मुस्लिम आणि हिंदू मुलींना एकत्र फुटबॉल शिकवला आणि मुलींना खेळायला मैदान हवं म्हणून सह्या गोळा केल्या. घरच्यांची समजूत काढणं, हे प्रशिक्षणाइतकंच मोठं काम होतं. पोशाखाची अडचण सांगणाऱ्यांसाठी एवढंच, की फुटबॉलच्या नियमांनी डोकं झाकून खेळायला २०१४ पासून परवानगी दिली आहे आणि २०२३ च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेनझिना हिजाब घालूनच बचावफळीत उभी होती. म्हणजे नियम आता आडवा येत नाही. जो आडवा येतो तो आपल्याच गल्लीत राहतो.

सलीमबद्दल एक शेवटची गोष्ट, जी फिरत्या मेसेजमध्ये नसते. त्यांच्या मुलाने पुढे सांगितलं आहे, की सलीम यांना घरची ओढ लागली आणि ते परत निघाले, तेव्हा त्यांना थांबवण्यासाठी सेल्टिकने त्यांच्या सन्मानार्थ एक सामना भरवून तिकिटाच्या पैशातला पाच टक्के वाटा देऊ केला. सलीम यांना ती रक्कम किती होईल याचा अंदाज नव्हता. ते म्हणाले, माझा वाटा सामना बघायला येणाऱ्या अनाथ मुलांना द्या.

येत्या हंगामात बॅनर छापायला जाणाऱ्या आयोजकांना माझी एक साधी सूचना आहे. एंट्री फॉर्मवर खेळाडूच्या नावापुढे एक रकाना वाढवा, शाळा किंवा कॉलेजचं नाव आणि हजेरीवर मुख्याध्यापकांची सही. अठराच्या आतल्या ज्याचा रकाना कोरा, तो बाहेर बसेल. शाळा सुटलेल्या मुलाला मुक्त विद्यालयाचा किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून द्यायची जबाबदारी क्लबने घ्यावी, म्हणजे त्याचाही रकाना भरेल. पहिल्या वर्षी भांडणं होतील. एखाद्या संघाचा सगळ्यात चांगला स्ट्रायकर ऐन सेमीफायनलला कोऱ्या रकान्यामुळे कडेला बसेल, त्याचा मामा येऊन टेबल ठोकेल, नगरसेवकांचा फोन येईल. त्या संध्याकाळी आयोजक काय करतात, ते बघायला मी जाणार आहे.