पोराचा वकील कोण?

आई-बापाचा खटला उभा राहिला की आईला वकील, बापाला वकील. पोराला काय? तारीख! शाळा बुडवून कोर्टाच्या बाकावर बसायचं आणि एक दिवस कुणीतरी विचारायचं, ‘तू खंय रवतलंस? आवशीकडे काय बापाशीकडे?’ पोर म्हणजे काय सामाईक जमिनीतला हिस्सा आहे?

समज आलेल्या मुलाचं मत कोर्टानं विचारात घ्यावं, असं इंग्रजांचा १८९० चा पालक-पाल्य कायदाही म्हणतो. ठीक. पण बाप बाहेर डोळे वटारून उभा, आजीनं रात्रभर पढवलेलं, तर ते मत कुणाचं? इथं सामाजिक कार्यकर्ता लागतो. घर बघणारा, शाळेत चौकशी करणारा, पोराशी चारदा बोलून त्याची भीती घालवणारा आणि कोर्टाला खरं ते सांगणारा.

१९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानं हा माणूस मान्य केला. कलम ६ मध्ये समुपदेशक आला. कलम ५ नं सामाजिक संस्थांना दार उघडलं. पण मेख आहे कलम ३ मध्ये. दहा लाखांवर वस्तीच्या शहराला हे न्यायालय सक्तीचं, बाकीच्यांना सरकारची मर्जी! २०११ च्या जनगणनेत अख्खा सिंधुदुर्ग जिल्हाच ८,४९,६५१ माणसांचा. सगळ्यांना आणून सावंतवाडीत कोंबलं तरी अट पुरी होत नाही. पोराच्या रडण्यालाही लोकसंख्येची अट?

पैसेवाले मुंबईहून तज्ज्ञ आणतील. बौद्धवाडीतली बाई काय करील? नवरा गोव्यात कामाला, पोटगी थकलेली, एकेका तारखेला एकेक मजुरी बुडते.

मित्रांनो, हिंदू कोड बिल रखडवलं, या कारणासाठीही बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदावर लाथ मारली. घरातला अन्याय हा राजकारणाचाच प्रश्न, हे त्यांनी तेव्हाच दाखवलं. आणि आमच्यातलेच काही बहाद्दर मोर्चात घसा फोडतात, घरी बायको-पोरांची पोटगी बुडवतात! वर म्हणतात, खाजगी मामला आहे. असला क्रांतिकारक आम्हाला नको.

एक हत्यार हातात आहे, ते वापरा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नं अनुसूचित जातीचा माणूस, बाई आणि मूल यांना उत्पन्न न बघता फुकट वकिलाचा हक्क दिलाय. नीट वाचा, ‘मूल’! पोराचा स्वतःचा हक्क. ही भीक नव्हे.

आमची मागणी साधी आहे. ताब्याचा आणि पोटगीचा खटला चालतो त्या प्रत्येक कोर्टात, मग ते ओरोसचं असो की सावंतवाडीचं, पगारी, शिकलेला समुपदेशक नेमा. पोरांना बसायला वेगळी खोली द्या. त्यांची तारीख शाळा बुडणार नाही अशी लावा. चितार आळीची लाकडी खेळणी दिवाणखान्यात मिरवणाऱ्या सरकारला एवढं जड नाही.

तोवर वाडीवाडीतल्या पोरांनी तारखेला त्या आईसोबत जावं. कागद वाचून दाखवावा, अर्ज लिहून द्यावा, पोराला सांभाळावं. एवढं जमत नसेल तर ‘जयभीम’ म्हणताना आवाज जरा खाली ठेवा.